चारपट पुरे होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी रेडिओ कारखान्याच्या तपासणी विभागात नोकरी, आता निवृत्त, आता विधवा, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे आणि माझ्याविषयीच्या समजुतींचे काय करावे हे आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत टाचला आहे. त्याच्याखाली कानांच्या तपासणीचा कागदही टाचला आहे. तो वकिलांनी मागितला नव्हता. "काकू, मृत्युपत्राला कान कशाला लागतात?" असे त्यांनी हसत विचारले. पुढे वाचतील तेव्हा त्यांना कळेल.

माझ्यावर आज कोणाचा दबाव नाही. ज्यांचा होता ते तीन वर्षांपूर्वी गेले.

कलम एक. याआधी माझ्या पतींनी आणि मी मिळून एक मृत्युपत्र केले होते. मिळून म्हणजे त्यांनी सांगितले आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवले. त्यात 'समोरच्या खोलीतील ध्वनिसंच आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत कायम ठेवावा' असे लिहिले होते, आणि माझ्याविषयी 'पत्नीने तहहयात त्याची निगा राखावी' एवढे एक वाक्य होते. ते मृत्युपत्र मी संपूर्णपणे रद्द करते.

कलम दोन. या मृत्युपत्राची अंमलबजावणी आमच्या डॉक्टरांनी करावी. ते कमी बोलतात आणि त्यांचे अक्षर वाचता येते, दोन्ही गोष्टी डॉक्टरांत दुर्मिळ. माझ्या मागे शोकसभा घेऊ नये. शनिवार मंडळाने तर मुळीच घेऊ नये. शनिवार मंडळ म्हणजे माझ्या पतींकडे दर शनिवारी दुपारी गाणे ऐकायला जमणारे हौशी लोक. त्यांना माझ्याबद्दल बोलायचे म्हटले तर चहाखेरीज काही आठवणार नाही, आणि चहावर वीस मिनिटे कोणी बोलू शकत नाही.

कलम तीन. बँकेत जे काही शिल्लक असेल ते मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. त्यावर मला अधिक काही लिहायचे नाही.

कलम चार. माझी हत्यारे: दोन सोल्डरिंग आयर्न, बारीक पक्कड, चिमटे, मल्टीमीटर आणि कारखान्यातून निवृत्तीच्या दिवशी मिळालेले हेडफोन. ही सर्व आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्त करणाऱ्या बाईला द्यावीत. तिचे माझे नाते काहीच नाही. गेल्या वर्षी मी तिच्याकडे फोन घेऊन गेले होते. तिचा चार्जिंगचा जोड काही केल्या बसेना, तेव्हा मी म्हटले, "आण इकडे." मी तो बसवला. ती जोडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "काकू, हा हात कुठे बसला तुमचा?" हा प्रश्न मला विचारणारी ती पहिली.

त्या प्रश्नाचे उत्तर तिला मी दोन वाक्यांत दिले. येथे सविस्तर देते.

मी एकोणिसाव्या वर्षी कारखान्यात लागले. तयार झालेला प्रत्येक रेडिओ हेडफोन लावून ऐकायचा, दोष सापडला तर उघडून जागेवर जोडायचा, हे माझे काम. सहा महिन्यांत मला नुसत्या गुणगुणीवरून कळायला लागले की कॉइल कोणत्या बाईने गुंडाळली आहे. फोरमन मला 'कानवाली' म्हणत. ड्रॉइंग विभागात एक गृहस्थ होते, सडपातळ, टापटिपीचे, गाण्याचे वेडे. ते मधल्या सुट्टीत आमच्या विभागात येत आणि त्यांनी घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरविषयी मला विचारत. ते माझे पती. लग्नाआधी त्यांनी माझ्या कानांचे जेवढे कौतुक केले, तेवढे कोणी कोणाच्या डोळ्यांचेही केले नसेल. मी भुलले. भुलण्यासारखेच होते.

कलम पाच. समोरच्या खोलीतील ध्वनिसंचाविषयी.

संच म्हणजे कपाटाएवढे दोन स्पीकर, दोन पॉवर ॲम्प्लिफायर, सीडी प्लेअर, तबकडीचा प्लेअर आणि प्रीॲम्प. ज्यांना यातले कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. पॉवर ॲम्प्लिफायर हा पैलवान, स्पीकर हलवणारा. प्रीॲम्प त्याच्या आधी येतो. निवडायचे, लहानमोठे करायचे आणि पैलवानाच्या हातात नीट द्यायचे, हे त्याचे काम. आलेला आवाज तो जितक्या पटीने वाढवतो, त्याला गेन म्हणतात.

माझे पती गेनच्या प्रेमात होते. त्यांच्या पहिल्या प्रीॲम्पचा गेन वीसपट होता. मी तो त्यांच्या आराखड्यावरून स्वतः जोडला. लावल्यावर पहिल्याच दिवशी मी म्हटले, "हे जास्त होतंय."

"जास्त कसं? जास्त कधी वाईट असतं का?"

मी त्यांना सांगितले की सीडी प्लेअरमधून दोन व्होल्ट येतात आणि आपला पैलवान एका व्होल्टमध्येच पूर्ण जोर लावतो. मग वीसपट वाढवायचे कशाला? तबकडीच्या सुईतून येते ते अगदी नखभर, तिला वेगळ्या टप्प्यात वाढ द्यावी लागते, ती दिलेलीच आहे. बाकीच्यांना चारपट पुरे. वीसपट केल्यामुळे नॉब केसभरच उघडावा लागतो. नळ केसभर उघडला की पूर येत असेल, तर तांब्या भरायचा कसा? आणि नॉब तळाशी असला की त्याच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या चालत नाहीत. गाणारी बाई दोन स्पीकरांच्या मधे उभी असल्यासारखी वाटायला हवी, ती डावीकडे सरकते. शिवाय गाण्याबरोबर खरखरही वीसपट होते, ते वेगळेच.

त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाले, "डावीकडे सरकते खरी."

अशी आमची दहाबारा वर्षे गेली. मी ऐकायचे आणि सांगायचे, ते लिहायचे. ध्वनीवरच्या एका मासिकात त्यांचे सदर होते. त्यात 'आमच्या कानांना असे जाणवले' असे छापून यायचे. त्या 'आमच्या'त मी होते की तो मानाचा अनेकवचनी शब्द होता, हे त्यांनी कधी उलगडून सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मला वाटायचे, घरातल्या घरात काय विचारायचे.

थोरला सोळा वर्षांचा आणि धाकटी बारा वर्षांची होती तेव्हा एक कारखानदार आमच्याकडे यायचे ठरले. त्यांना माझ्या पतींचा प्रीॲम्प बाजारात आणायचा होता. शनिवार मंडळ पूर्ण बोलावले होते, तीस माणसे. त्याआधी महिनाभर खपून मी प्रीॲम्प पुन्हा जोडला. गेनला लगाम घालणारा एक रेझिस्टर असतो, तो बदलून वीसपटीचे चारपट केले. बाई मधे आली. दोन ओळींमधली शांतता शांत झाली. त्या दिवशी मी एकटीने पूर्ण तबकडी ऐकली, आणि ते माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले काम होते, हे मी येथे शपथेवर लिहिते.

ते घरी आल्यावर त्यांनी नॉब फिरवून पाहिला. "दम गेला याचा."

"नॉब अर्ध्यावर आणा, तेवढाच आवाज येईल."

"अगं, अर्ध्यावर आणून काय उपयोग? नॉब जरा हलवला की घर हाललं पाहिजे. पाहुणे त्यालाच दम म्हणतात."

"पाहुण्यांना ऐकायचंय की हालायचंय?"

ते हसले. मला वाटले, पटले.

त्या शनिवारी सकाळी मी शेजाऱ्यांकडून कपबश्या मागून आणायला गेले. परत आले तर समोरच्या खोलीत सोल्डरच्या राळेचा वास आणि हे प्रीॲम्पचे झाकण लावत होते. "काय केलंत?" "काही नाही, धूळ झटकली." मी तो वास वीस-पंचवीस वर्षे घेतला होता. तरी मी पुढे बोलले नाही. तीस माणसांचा चहा टाकायचा होता.

दुपारी मंडळ जमले. पहिल्याच गाण्याला बाई डावीकडे सरकली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते आणि मला समजले की वीसपट परत आले. दुसऱ्या गाण्याला खरखर सुरू झाली, मग कडकड. मी ट्रे घेऊन दारात पोचले आणि त्याच क्षणी त्यांनी घाईत केलेला जोड सुटला. लगामच सुटला म्हटल्यावर गेनला धरबंध राहिला नाही. असा एक स्फोटासारखा आवाज झाला की कारखानदारांनी कानांवर हात ठेवले. डाव्या स्पीकरचा पडदा फाटला.

माझे पती उभे राहून म्हणाले, "क्षमा करा मंडळी. जोडकाम घरातूनच झालं होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, आज मोजावं लागलं."

सगळे माझ्याकडे बघून हसले. वाईट हेतूने नाही, प्रसंग सावरावा म्हणून. थोरलाही हसला. माझ्या हातात ट्रे होता. मी चहा दिला. तीसच्या तीस कप दिले. एकही सांडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडले. माझे जोड चकचकीत असतात, निमुळते. तो राखाडी होता, गोळ्यासारखा. मी त्यांना बोलावून दाखवला. "हा तुमचा."

"कळलं मला."

"मग मंडळाला सांगा."

"आता सांगून काय होणार? लोक विसरलेसुद्धा असतील."

"मी नाही विसरले."

"तुझं मन मोठं आहे. सोडून दे."

मी आणखी दोनदा विचारले, एकदा दोन महिन्यांनी, एकदा दोन वर्षांनी. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "तू अजून तेच धरून बसलीस?" त्यानंतर विचारले नाही. प्रीॲम्प मी दुरुस्त केला, चारपट केला, कापडात गुंडाळून माझ्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. त्यांनी दुसरा विकत आणला. आणि मी ठरवले की त्या खोलीतल्या आवाजाविषयी यापुढे एक अक्षर बोलायचे नाही. त्यांनी विचारले तर एकच उत्तर: "मला काय कळतं त्यातलं?"

ते मी तेवीस वर्षे पाळले.

कलम सहा. माझ्या मुलाविषयी. सोळा वर्षांचे पोर बापाबरोबर हसणारच, त्याचा राग मी धरला नसता. परंतु स्वतःच्या लग्नाच्या जेवणात सासरच्या मंडळींना त्याने हीच गोष्ट सांगितली: "आमच्या आईला सोल्डरिंग आयर्न दिलं की अग्निशमन दलाला आधी कळवावं लागतं." सूनबाई तेवढी हसली नाही. तिने माझ्याकडे पाहिले आणि ताटात बघायला लागली. म्हणून माझ्या दोन्ही सोन्याच्या बांगड्या सुनेला द्याव्यात, मुलाच्या हातून नव्हे, डॉक्टरांच्या हातून.

वडील गेल्यापासून मुलगा म्हणतो आहे की समोरच्या खोलीत त्यांच्या नावाचे श्रवणदालन करू. पितळी पाटी करून आणली आहे. 'ज्यांनी आम्हाला ऐकायला शिकवले' असे तिच्यावर कोरले आहे. ती पाटी त्याने स्वतःच्या घरी लावावी. तो भला मुलगा आहे, वडिलांवर त्याची माया आहे. फक्त त्याला कोणीच खरे सांगितलेले नाही, आणि ते कोणीच म्हणजे मी.

कलम सात. ध्वनिसंचाच्या दुकानदाराविषयी. त्याला या घरातला एक स्क्रूसुद्धा देऊ नये. माझे पती गेल्याच्या चौथ्या दिवशी त्याने फोन केला. "वहिनी, साहेबांची फार आठवण येते. स्पीकरचं काय ठरवलंय?" हे एका दमात म्हणाला. पण माझा खरा राग त्या फोनचा नाही. ती डबी त्याने विकली.

डबीची हकीकत अशी. मी बोलायची बंद झाले, तरी माझे जुने बोलणे ह्यांच्या डोक्यात राहिले होते. बऱ्याच वर्षांनी त्यांनी मासिकात लेखमाला लिहिली: गेनचा सोस वाईट, लोक उगाच वाढवतात. केसभर उघडलेला नळ आणि तांब्या, माझे शब्दन् शब्द त्यात छापून आले. 'आमच्या अनुभवास आले आहे की' अशी सुरुवात होती. लेखमाला गाजली. मंडळात पुन्हा गर्दी झाली. मी अंक वाचला आणि त्यावर भाजी निवडली.

परंतु माझे बोलणे अर्धेच होते. उरलेले अर्धे मी त्यांना कधी सांगितलेच नाही, कारण तो शनिवार मधे आला. प्रीॲम्पचे काम केवळ वाढवणे नाही, ढकलणेही असते. आवाज वाढवायचा नसला तरी वायरमधून पुढे रेटायला जोर लागतो. त्यांनी माझ्या अर्ध्यावरून पुढचा निष्कर्ष काढला: गेन वाईट, तर प्रीॲम्पच नको. दुकानदाराने लगेच एक देखणी डबी दाखवली. आत काही नाही, नुसता एक नॉब. वीज नाही, गेन नाही, जोरही नाही. वायर हातभर असती तर ती डबी चांगली चालली असती. पण ह्यांनी पॉवर ॲम्प्लिफायर स्पीकरांपाशी नेले आणि डबी आपल्या खुर्चीपाशी ठेवली. मधे भिंतीकडेने फिरवलेली बारा मीटर वायर. एवढ्या लांब वायरमध्ये, मागे जोर नसला की, वरचे स्वर जिरून जातात. दुकानदाराने घरी येऊन सगळे लावून दिले, वायर पाहिली, चहा प्याला आणि गेला. त्याला कळत नव्हते की सांगायचे नव्हते, ते तोच जाणे.

मला पहिल्या मिनिटात कळले.

कलम आठ. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

मी सांगितले नाही.

पहिले काही दिवस ते म्हणत होते, "कसा मऊ झालाय आवाज!" मग म्हणायचे बंद झाले. एका दुपारी मी खोलीत केर काढत होते. व्हायोलिनची तबकडी लागली होती. ते म्हणाले, "हल्ली व्हायोलिन कांबळं पांघरून वाजवल्यासारखं वाटतं. तुला कसं वाटतं गं?"

त्यांनी मला सतरा वर्षांत इतक्या सरळ कधी विचारले नव्हते. आवाजात साहेबी नव्हती. मधल्या सुट्टीत आमच्या विभागात यायचे तेव्हा जसे विचारायचे तसे त्यांनी विचारले. आणि मी म्हटले, "मला काय कळतं त्यातलं? मी चहावाली."

त्यांनी मान डोलावली. "खरंय," म्हणाले. "माझेच कान गेले असतील. वय झालं."

त्यानंतर सहा वर्षे ते जगले. सहाही वर्षे त्यांची खात्री होती की आपण बहिरे होत चाललो आहोत. कानात कोमट तेल घालायचे. कापूस घालून बसायचे. मासिकाचे सदर त्यांनी सोडले. 'ज्याला ऐकू येत नाही त्याने लिहू नये' असे संपादकांना कळवले. शनिवारी मंडळी आली की ते कोपऱ्यात बसत आणि इतरांना विचारत, "वरचं नीट येतंय ना?" मंडळी म्हणत, "वा, काय गोडवा आहे साहेब." त्यांच्यातल्या एकालाही ऐकू येत नव्हते, किंवा एकालाही बोलायचे धैर्य नव्हते. माझ्यात आणि त्यांच्यात मग फरक काय, हे मी स्वतःला विचारलेले आहे. फरक एवढाच की मला दुरुस्त करता येत होते.

धाकटी दर रविवारी येई. तिचा जीव बापावर. ती म्हणाली, "आई, बाबांचे कान तपासून घेऊ. मी डॉक्टरांची वेळ घेते."

मी म्हटले, "ते यायचे नाहीत. त्यांच्या मानाला लागेल. तू त्यांच्यापाशी विषयसुद्धा काढू नकोस."

तिने काढला नाही. ती माझ्या शब्दाबाहेर कधी गेली नाही.

कोणी म्हणेल, कान थोडे गेलेही असतील. म्हणून हेही लिहिते. डबी येऊन चार वर्षे झाली होती. स्वयंपाकघरातल्या नळातून एक अगदी बारीक शीळ येत होती, वॉशर झिजला होता. समोरच्या खोलीतून, दोन दारांपलीकडून, ह्यांनी हाक मारली, "अगं, नळ शीळ घालतोय का?"

ज्याला ती शीळ ऐकू येते, त्याला व्हायोलिन ऐकू आलेच पाहिजे. मी पोळपाटावर हात ठेवून उभी राहिले. मला वाटले, आता ह्यांच्या लक्षात येईल. आता ते उठतील आणि म्हणतील, हे कसे काय? एवढा हुशार माणूस.

मी म्हटले, "मला नाही बाई ऐकू येत काही."

थोड्या वेळाने ते आतून म्हणाले, "मग माझ्याच कानात वाजतंय."

त्या दिवशी मला समाधान वाटले नाही. वाटले असते तर लिहिले असते. मला फक्त वाटले की आता फार उशीर झाला. आज सांगितले तर चार वर्षे का गप्प बसलीस याचे उत्तर द्यावे लागेल. ह्यांनाही कदाचित त्या राखाडी जोडाबद्दल असेच वाटले असेल. हे मला त्यांच्या हयातीत सुचले नाही.

ते गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी डबी काढली. कपाटातला माझा प्रीॲम्प कापडातून सोडवला, दोन जुने कपॅसिटर बदलले, लावला. तीच वायर, तेच स्पीकर, तीच व्हायोलिनची तबकडी. कांबळे गेले. तारेवर गज टेकतो तो पहिला स्पर्शसुद्धा ऐकू आला. मी उभ्यानेच ऐकले. त्या खोलीत बसायला खुर्ची एकच, ती त्यांची. सगळ्या कामाला चाळीस मिनिटे लागली. तेवढ्या कामासाठी मी सहा वर्षे घेतली आणि तरी केले नाही.

संच त्या दिवसानंतर मी लावलेला नाही.

कलम नऊ. संपूर्ण ध्वनिसंच, माझ्या प्रीॲम्पसह, मी मुलाला देते, एका अटीवर. त्याने शनिवार मंडळाला या खोलीत बोलवावे आणि कलम पाच आणि कलम आठ, दोन्ही मोठ्याने वाचावीत. पाचवे वाचून आठवे गाळू नये. वडिलांची अब्रू म्हणून आठवे वाचून पाचवेही गाळू नये. दोन्ही वाचायची नसतील तर संच मोबाईलवाल्या बाईला द्यावा. तिने सुटे करून जे उपयोगी असेल ते काढून घ्यावे. वाचून झाल्यावर चहा मुलाने स्वतः करावा.

कलम दहा. राहते घर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मी मुलीला देते. घराचे कागद माझ्या एकटीच्या नावावर आहेत. दहावीचा अभ्यास तिने स्वयंपाकघरात केला, कारण समोरच्या खोलीत आवाज करायचा नसे. मिक्सरसुद्धा विचारून लावावा लागे, त्याची खरखर तारेतून स्पीकरमध्ये यायची. या घरात तिने हवे तेव्हा मिक्सर लावावा.

पण हे कलम वाचेपर्यंत तिने आठवे वाचलेले असेल. बेटा, तू तेव्हा वेळ घेतली असतीस तर त्यांचे कान चांगले निघाले असते, आणि मग शोध वायरपर्यंत आला असता, आणि मग माझ्यापर्यंत. म्हणून मी तुला थांबवले. त्यांच्या मानासाठी नाही. तुला माझे हे घर नको वाटले तर नाही म्हण. तुझ्यावर कसलेही बंधन नाही, आणि नाही म्हटल्याने मला वाईट वाटेल असेही समजू नकोस. तेव्हा मी नसेन. मी हे तुला समोर बसून सांगायला हवे होते. तू येत्या रविवारी येणारच आहेस. मला जमले तर सांगेन. जमेलच असे लिहून देत नाही.

या मृत्युपत्राची एकूण नऊ पाने असून प्रत्येक पानावर माझी सही आहे. खाडाखोड एकच, आठव्या कलमात, तीही मीच केलेली.

ठिकाण: राहते घर, समोरची खोली
दिनांक: सात मार्च दोन हजार पंचवीस, शुक्रवार, सकाळी अकरा

(मृत्युपत्र करणारीची सही)

साक्षीदार: आम्ही दोघे, एक कारखान्यात कॉइल गुंडाळणारी, निवृत्त, आणि दुसरे तळमजल्यावरचे शिंपी, लिहून देतो की मृत्युपत्र करणारीने वरील सर्व मजकूर आम्हाला स्वतः वाचून दाखवला, आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही तिच्यासमोर सही केली. आठव्या कलमाला ती थांबली. शिंप्यांनी पाणी दिले. मी, कॉइल गुंडाळणारी, म्हटले, "हे खोडून टाक, कोणाला कळणार आहे?" ती म्हणाली, "मला ऐकू येतं." मग पुढे वाचले.

(पहिल्या साक्षीदाराची सही)
(दुसऱ्या साक्षीदाराची सही)